दोन लाईनींच्या मधलं घर

बसा, खुर्ची घ्या. वीज गेलीय, पण हा दिवा आहे तेवढा पुरे. पेणला वीज गेली की एक बरं होतं. पंखे थांबतात आणि गाडी नीट ऐकू येते.

तुम्हाला आमच्या फोनवरच्या रेल्वेवेड्यांच्या गटात यायचंय. घर कुठे, जवळची लाईन कोणती, गच्चीवरून काय दिसतं, सगळं तुम्ही झकास लिहून पाठवलंत. शेवटी मात्र विचारलंत की तुमचा तो आवाज ओळखायचा खेळ का बंद पडला? आता हे काय फोनवर लिहायचं? म्हणून म्हटलं, चहाला या.

मी पापडवाली. पोह्याचे पापड करते. मागच्या अंगणात पापड वाळत घातले की खालचा प्लास्टिकचा कागद थरथरतो, आणि त्या थरथरण्यावरून मी सांगते, मालगाडी आहे की मेमू पॅसेंजर. माझा नवरा प्रविण नागोठण्याच्या एका कंपनीत शिफ्टला जातो. रोज रुळाशेजारून जाऊनही त्याला इंजिनाचा रंग सांगता येणार नाही. तो म्हणतो, तू स्टेशनमास्तरशी लग्न करायला हवं होतंस. मी म्हणते, स्थळ आलं नाही.

गटात जित्यापासून कोलाडपर्यंतची माणसं आहेत. आमची रीत अशी, की नव्या माणसाने आधी आपलं घर सांगायचं. गाव कुठलं, लाईन किती लांब, गाडी कशी दिसते, कशी ऐकू येते. कोणाकडे मोटार आहे आणि कोणाचा मुलगा आखातात आहे, ह्याला आमच्यात कोणी विचारत नाही. ज्याच्या खिडकीतून वळणावरची अख्खी गाडी दिसते, तो आमच्यातला श्रीमंत.

आणि खेळ होता 'ओळखा'. घरून ऐकू येणाऱ्या गाडीचा आवाज गटात टाकायचा. जो पहिल्यांदा बरोबर ओळखेल त्याला घरी चहाला बोलवायचं, आणि त्याने त्या घरातून एक गाडी बघून जायचं. जिंकणाऱ्याने नाही म्हणायचं नाही. माणूस कोण, कोणाचा, काय करतो, ह्याची चौकशी नसायची. किलोमीटरचा दगड सांगितला की आम्ही निघालो. दुसरं कोणी असं परक्याच्या घरी जाईल का? पण आम्हाला काय, रूळ जवळ असला की माणूस ओळखीचाच वाटायचा.

सगळ्यांत तयार कान फारुखभाईंचा. रोह्याला अष्टमीत त्यांचं घर. अर्धं आयुष्य कुवेतला काढलं, आणि परत आले ते रुळाकडे तोंड करून बसले. मला हे वेड त्यांनीच लावलं. शेवटच्या डब्यामागे पिवळी फुली असते. ती डोळ्यांनी बघेपर्यंत गाडी गेली असं म्हणायचं नाही, हा त्यांचा पहिला धडा. "आणि दोन लाईनी असतील तिथं दोन्हीकडची बघ गो," म्हणायचे. "एक गेली म्हणून पाय टाकतो, तोच दुसरीखाली जातो."

त्यांची बायको मुनीराभाभी ह्या सगळ्यावर डूख धरून होती. "आधी कुवेतनं नेला, आता रेल्वेनं नेला. माझ्या वाटणीला कधी येतोय, काय म्हायत," असं ती मला ऐकवायची. ती हसत बोलायची, पण तिचं दुखणं मला कळायचं. मी विषय बदलायची.

तर गेल्या वर्षी दिवाळी आटोपली होती, भातं कापून झाली होती, तेव्हा गटात एक नवा माणूस आला. नाव केरू. त्याने लिहिलं नाही, बोलून पाठवलं. आवाज कोरडा, जरा थांबत थांबत.

"मी केरू. कासू सोडलं का नागोठण्याच्या अलीकडं, खाडीच्या अंगाला. एक लाईन घराच्या हिकडून जाते, एक तिकडून. मधी आमचं घर. दुसरं कायपण नाय."

तुम्ही आमच्यातले आहात म्हणून तुम्हाला कळेल. दोन लाईनींच्या मधलं घर! आम्ही सगळे जळून गेलो. त्या वळणावर दुसरी लाईन जुन्या लाईनीपासून जरा फटकून टाकलीय, मध्ये गवताचा एक पट्टा आहे, हे मला गाडीतून बघून ठाऊक होतं. तिथे घर असेल असं कधी वाटलं नव्हतं. पण आपण काय प्रत्येक झुडपामागे बघतो?

त्याच दिवशी केरूने आवाज टाकला. ओळखा. आम्ही सगळे हरलो. चाकांचा ताल धरावा तर तो मध्येच सुटायचा, परत दुसराच लागायचा. कोणी म्हणालं, फोन खराब आहे. दिवेलागणीला फारुखभाईंनी उत्तर टाकलं. "एक नाय, दोन गाड्या हायत. मालगाडी पेणकडं चाललीय, पॅसेंजर रोह्याकडं. एकदम दोन्ही बाजूंनी." केरू जणू वाटच बघत होता, किलोमीटरच्या दगडासकट त्याचं उत्तर आलं. "बराबर. उद्या चहाला या."

दुसऱ्या दिवशी मला रोह्याला जायचंच होतं. मुनीराभाभीची लेक हफ्सा सासरी परत निघाली होती, तिच्यासाठी पापड सांगितले होते. पिशवी घेऊन मी दुपारच्या मेमूत बसले. गाडी रिकामी. खिडकीतून पेंढा जाळल्याचा वास येत होता. मी कानात वायर घातली आणि केरूचा आवाज परत लावला. फारुखभाईंना दोन गाड्या कशा कळल्या, ते मला शिकायचं होतं.

एकदा ऐकला, दोनदा ऐकला. हळूहळू दोन ताल वेगळे लागायला लागले. आणि ते वेगळे झाल्यावर त्यांच्या मध्ये, अगदी खाली, कोणीतरी बोलतंय असं वाटलं. मी आवाज वाढवला. कपबशीचा आवाज. मग एक ओळखीचं खाकरणं. आणि मग…

"साखर नको हां, केरूभाऊ. मला चालत नाय."

फारुखभाई. त्यांना मधुमेह होता, कोणाकडेही गेले की हे वाक्य ठरलेलं. पण हा आवाज आदल्या दिवशीचा. आदल्या दिवशी ते घरी बसून ह्याच आवाजाचं उत्तर शोधत होते. केरूच्या घरी ते अजून गेलेच नव्हते.

 मी त्यांना फोन लावला. लागेना. मग भाभीला लावला.

"ते? ते गेले ना मघाशीच, स्कूटर घेऊन," भाभी म्हणाली. "त्या नव्या माणसाकडं. तू ये गो, मी वाट बघते."

"भाभी, ते तुम्हाला आधी कधी म्हणाले होते का, ह्या माणसाकडे जाऊन आलो म्हणून?"

"नाय. का गो?"

मी फोन ठेवला. गाडी कासूला थांबत होती. मी पापडांची पिशवी उचलली आणि उतरले.

रिक्षावाल्याने मला हमरस्त्यावरून आत, पायवाट सुरू होते तिथे सोडलं. दगड सांगितला तर तो म्हणाला, तिकडं वस्ती नाय. मी म्हटलं, ठाऊक आहे. पुढे करंजाच्या झाडाखाली फारुखभाईंची स्कूटर उभी होती. हेल्मेट आरशाला अडकवलेलं. ते बघून जीव जरा भांड्यात पडला. मनात म्हटलं, बाई, तू उगाच घाबरलीस, आत दोघे गप्पा मारत बसले असतील.

ऊन कलत होतं. खाडीच्या चिखलाचा वास येत होता. पायवाट वर चढून रुळांपाशी संपली. अलीकडची लाईन, मग गवताचा पट्टा, मग पलीकडची लाईन. पट्ट्यात घर नव्हतं. एक जुनं दगडी जोतं होतं, त्याच्या फटीफटींतून गवत उगवलेलं, आणि त्या जोत्यावर फारुखभाई माझ्याकडे पाठ करून बसले होते. एकटेच. मान हलवत होते. कोणाशी तरी बोलल्यासारखी.

मी हाक मारणार, तेवढ्यात रोह्याच्या बाजूने भोंगा झाला. मालगाडी. मी दोन पावलं मागे झाले. इंजिन गेलं, वाघिणी सुरू झाल्या, आणि मला पट्टा दिसेनासा झाला. दोन वाघिणींच्या मध्ये हातभर फट असते, त्या फटीतून काय दिसेल तेवढंच.

पहिल्या फटीत मला पडवीचा खांब दिसला.

मला वाटलं, डोळ्यांत धूळ गेली. पुढच्या फटीत कौलं. त्याच्या पुढच्या फटीत खुंटीला टांगलेला कंदील, पेटलेला… भर उजेडात पेटलेला. वाघीण जायची, फट यायची, आणि प्रत्येक फटीत घर थोडं थोडं दिसायचं. पडवीत फारुखभाई. त्यांच्यासमोर एक माणूस, अंगात बंडी, हडकुळा. तो वाकून कपात चहा ओतत होता. आणि चाकांच्या त्या गदारोळातून मला चमच्याचा आवाज अगदी कानाशी ऐकू आला.

"साखर नको हां, केरूभाऊ…"

पुढच्या फटीत त्या माणसाने मान वर केली होती. तो फारुखभाईंकडे बघत नव्हता. तो फटीतून माझ्याकडे बघत होता. मी हाक मारायची वाट बघत असल्यासारखा.

शेवटची वाघीण गेली. तिच्यामागची फुली मी बघितली, पिवळी, लखलखीत. घर नव्हतं. जोत्यावर फारुखभाई एकटेच, त्यांच्या मागून, पलीकडच्या लाईनीवर, निळे डबे धडधडत चालले होते. मी बेंबीच्या देठापासून ओरडले.

"फारुखभाई! या इकडे! चला!"

ते उठले. लगेच उठले. लाईन ओलांडून माझ्यापर्यंत आले. मी त्यांचं मनगट धरलं, ते गार होतं, आणि त्यांना ओढतच पायवाटेने खाली आणलं. मागे वळून बघितलं नाही. देवाशपथ, तेव्हा मला फक्त एवढंच कळत होतं, की माणूस हाताला लागलाय, आता सोडायचा नाही.

करंजाखाली आलो तर ते स्कूटरच्या बाजूने सरळ पुढे निघाले. मी म्हटलं, "स्कूटर?"

त्यांनी थांबून स्कूटरकडे पाहिलं. "राहू दे," म्हणाले.

मला वाटलं, भेदरलेत. रस्त्यावर रिक्षा मिळाली. वाटेत रुळावरून एक लांब पल्ल्याची गाडी गेली, बरोबरीने बराच वेळ धावत होती. फारुखभाईंनी मान वळवली नाही. ते दुसऱ्या बाजूला बघत होते, दुकानांचे दिवे, ढाब्यांच्या पाट्या. "केवढा रस्ता केला," एवढंच म्हणाले. त्यांना आधी घरी पोचवायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. 

अष्टमीत भाभी दारातच उभी होती. मी जमेल तसं सांगितलं, बरंचसं गाळलं. ती रडली. फारुखभाईंनी माझ्यादेखत तिचा हात धरला आणि धरूनच आत गेले. इतक्या वर्षांत मी त्यांना असं करताना पाहिलं नव्हतं. मला भरून आलं. पापड ओट्यावर ठेवून मी परतीची गाडी धरली.

त्यानंतर फारुखभाई गटात बोलले नाहीत. फोन केला की भाभीच उचलायची. "आता घरातच असतात गो. बाजारात येतात माझ्याबरोबर, कोलीम-जवळा निवडून देतात. गाडीचं नाव नाय." तिचा आवाज नव्या नवरीचा झाला होता. मी मनात म्हटलं, चला, भीतीने का होईना, भाभीला नवरा मिळाला.

आणि मग एका दुपारी मी पापड लाटत असताना फोन वाजला. केरूच्या नंबरावरून आवाज आला होता. गटात नाही, मला एकटीला. मी पिठाच्या हातानेच लावला. दोन गाड्या, दोन्ही बाजूंनी. आणि मध्ये, दमलेला, ओळखीचा आवाज…

"रोहिणी… फुली दिसली का गो? …तिकडची अजून जातेय. …मी हाय हिकडंच. पुरी गेली का मग हाक मार."

मी तो परत लावला. अलीकडच्या गाडीची फुली मी बघितली होती. पलीकडची? निळे डबे अजून जात होते. मी हाक मारली तेव्हा जात होते, ते उठून आले तेव्हाही जात होते. मला पहिला धडा ज्याने शिकवला, त्याच्याच बाबतीत मी तो विसरले. दोन्हीकडची बघ गो. मी एकच बघितली, आणि जो उठला त्याला घेऊन आले.

प्रविणला सुट्टीच्या दिवशी ओढत तिकडे नेलं. करंजाजवळ एक म्हातारी गवत कापत होती, विमलबाई नावाची, जवळच्या वाडीतली. तिला जोत्याचं विचारलं.

"तां केरूचा घर," ती विळा न थांबवता म्हणाली. "दुसरी लाईन पडली तवा त्यांना रस्त्याकडं जागा मिळाली. बायको बायजा सामान घेऊन आधी गेली. ह्यो म्हणाला, दार लावून येतो. तवाच दोन गाड्या एकदम आल्या, हिकडून एक, तिकडून एक. गेल्या. आणि केरू नाय."

"गाडीखाली…?" प्रविणने विचारलं.

"नाय रं. गाडीखाली कायच घावला नाय. नुसता नाय." तिने गवताची पेंढी बांधली. "बायजा मरेपर्यंत दार उघडा ठेवायची. म्हणायची, त्याला कुणीतरी हाक मारली पायजे. तिची हाक गाडीच्या आवाजात त्याला ऐकूच गेली नाय."

आम्ही सूर्य बुडेपर्यंत थांबलो. गाड्या आल्या, गेल्या, पण एका वेळी एकच. मी तरी हाका मारल्या. गवत हललं, दुसरं काही नाही. प्रविण आता परत यायला तयार नाही. मी जाते. एकटीने दोन्हीकडच्या फुल्या बघणं जमत नाही, कोणीतरी दुसऱ्या बाजूला उभं राहायला हवं. ते आपण नंतर बोलू.

पण भाभीला सांगायलाच हवं होतं. माणूस तिचा. मी अष्टमीत गेले. दुपारची वेळ, गल्लीत कोणी नव्हतं. भाभीने दार उघडलं, हातांना मेंदी, चेहरा भरलेला. मी आत गेले नाही. उंबऱ्यावरच फोन तिच्या कानाला लावला.

तिने डोळे मिटून सगळा आवाज ऐकला. शेवटपर्यंत. मग फोन माझ्या हातातून घेतला आणि तो आवाज पुसून टाकला. तिचं बोट जरासुद्धा अडखळलं नाही.

"भाभी… ते फारुखभाई आहेत. ते तिथेच आहेत."

"मला काय त्यांचा आवाज कळत नाय?" ती हळू बोलली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. "कुवेतवरनं पण असाच यायचा गो. लांबून. मी हाय, मी येतो. ऐकत ऐकतच म्हातारी झाले मी." तिने फोन माझ्या हातात ठेवला. "तू तिकडं जाऊ नको परत. जो आलाय तो राहू दे."

मला राग आला, आणि भीतीही वाटली, कशाची जास्त ते सांगता येणार नाही. मी म्हटलं, "भाभी, आत कोण आहे ते तुम्हाला ठाऊक आहे का?"

 आत अंधाऱ्या माजघरात खाट करकरली. चपला न घातलेली पावलं फरशीवर आली आणि पडद्यामागे थांबली.

"बायजा… च्या झाला का गो?"

मुनीराभाभीने डोक्यावरची ओढणी सारखी केली.

"आले," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.